कान्ह्याच्या फाटकावरची तपासणी

आपल्याला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं प्रतीक्षाचं ठाम मत होतं. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारी बाई ती! दूधवाला जरा हसून बोलला, की ती आधी पातेल्यात डोकावायची. अशा बाईला घर घ्यायचं होतं, आणि घराच्या आडून खरं तर लेकीची, पिंकीची, शाळा निवडायची होती.

दोन फ्लॅट पसंत पडले होते. एक वडगावात, एक शेजारच्या कान्हे गावात. भाव सारखा, डोंगर दोन्हीकडून तोच दिसायचा, आणि एजंटही एकच, महिपती. तो वडगावात उभा असला की वडगावची शाळा तालुक्यात एक नंबर, आणि कान्ह्याला आला की कान्ह्याची! रविवारी टोकन द्यायचं होतं. एकदा दिलं की पोरीची सगळी शाळकरी वर्षं तिथेच.

"मोठ्या बाईंना भेटून येऊ की सरळ," अमृत म्हणाला. नवरा बिचारा सरळ होता.

"भेटायला येतोय म्हटलं की बाकं पुसून ठेवतात! मी शाळा सुटताना फाटकाशी उभी राहणार आणि पोरांनाच विचारणार. आणि हे बघा, कुणीही विचारलं तरी आपण घर बघतोय हे सांगायचं नाही. भाव चढतात. अगदी माझं नाव घेऊन विचारलं तरी नाही!"

वडगावची तपासणी बिनबोभाट झाली. ती तासभर उभी होती, तर रखवालदाराने उलट बसायला खुर्ची दिली. चार पोरांना बाजूला घेऊन पाढे विचारले, चौघांनाही धडाधड आले. प्रतीक्षाला नेमकं हेच खटकलं. "सगळ्यांना कसे येतात? महिपतीने पढवून ठेवलीत कार्टी!"

मग कान्ह्याला जाताना तिने जास्त काळजी घेतली. काळा चष्मा, स्कूटीवर बांधतात तसा तोंडभर स्कार्फ, आणि पोरं बोलती व्हावीत म्हणून पर्समध्ये मूठभर चॉकलेटं.

शाळा सुटली. एक गुबगुबीत पोरगा हाताशी लागला.

"बाळ, तेराचा पाढा म्हण. चॉकलेट देते."

"आधी चाकलेट."

"आधी पाढा! बरं, राहू दे. बाई मारतात का रे? आणि घरी कसा जातोस? एकटाच?"

शेवटचा प्रश्न तिने रस्त्याच्या काळजीपोटी विचारला होता, देवाशपथ! पण तेवढाच नेमका नंदाबाईंच्या कानावर पडला. नंदाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. हातात झारा तसाच होता.

"ए बया, त्वांड उघड आधी! कोन तू? कुटली?"

"मी... सहजच आले."

"चाकलेटं घिऊन सहज? आवं, या रं समदी! पोरं धरनारी घावली!"

गुळाच्या ढेपेवर माश्या बसाव्यात तशी माणसं जमली. किराणावाला काट्यावरची साखर तशीच टाकून धावला. "लय दिस झालं फिरतीया ही हितं," असं एक बाई छातीठोक सांगू लागली. तिने प्रतीक्षाला जन्मात पाहिलं नव्हतं.

गलका ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या.

"अहो, मी इथे घर घेतेय!" प्रतीक्षाने रडकुंडीला येऊन चष्मा आणि स्कार्फ ओढून काढला. "माझ्या नवऱ्याला विचारा!"

फोन स्पीकरवर लागला. मोठ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कान्ह्यात घर बघताय का?"

"घर? छे! आम्हाला घर नकोच आहे," अमृत ठणकावून म्हणाला.

"अहो, मी प्रतीक्षा बोलतेय! सांगा ना खरं!"

पलीकडून दबका, शहाणा आवाज आला. "परीक्षा घेतेयस ना माझी? नाही सांगणार!" आणि फोन बंद.

"नवरा बी सामील दिसतोय," नंदाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात महिपती मोटरसायकलवरून आला. प्रतीक्षाने देव दिसल्यासारखी हाक मारली. महिपतीने गर्दी पाहिली, झारा पाहिला, आणि "मी आपला फुडं चाललोय," म्हणत गाडी दामटली.

आता उरली पिंकी. ती शेजारच्या काकूंकडे होती. व्हिडिओ कॉल लावला. मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, ही तुझी आई का गं?"

पिंकीने पडद्यावर दाटलेली वीस-पंचवीस तोंडं न्याहाळली. "अनोळखी माणसांना काही सांगायचं नाही, असं आईने बजावलंय!" तिनेही फोन बंद केला.

प्रतीक्षाने डोळे मिटले. पण मोठ्या बाई खळखळून हसल्या. "सोडा हो तिला. लेकीला असं बजावणारी पोरं कशाला धरेल? आईच आहे!"

"आसंल," नंदाबाईंनी झारा खाली घेतला, "पर फुडच्या येळंला त्वांड उघडं ठिवून या."

घरी येऊन प्रतीक्षाने पर्समधली चॉकलेटं डब्यात ओतली. मग म्हणाली, "टोकन कान्ह्याला द्या."

"पाढा आला का पोराला?"

"म्हटलाच नाही. पण वडगावात मी चार पोरं बाजूला नेली तर मला खुर्ची मिळाली. इथे एक चॉकलेट देता आलं नाही मला! माझी पोर अशाच ठिकाणी जाणार."

जूनमध्ये शाळा भरली. पहिल्या दिवशी सुटायच्या वेळी प्रतीक्षा फाटकाशी उभी राहिली. तोंड उघडं, पर्ससुद्धा घरी. नंदाबाईंनी ओळखीचं हसून वाट दिली. पण पोरांची रांग बाहेर आली, तिला बघून थबकली, आणि "पळा! चाकलेटवाली आली!" म्हणत अख्खी उलटी आत पळाली. सगळ्यात पुढे, वेण्या उडवत, पिंकी!

घरी येताना प्रतीक्षाने विचारलं, "अगं, तू का पळालीस?"

"सगळे पळाले ना आई," पिंकी म्हणाली. "मी एकटीच थांबले असते, तर त्यांना कळलं नसतं का, तू माझी कोण ते!"