कमी पॉइंटचा माणूस

आमचे सुधीरभाई जिलेबी आधी नीट बघतात, मग खातात. ऑफिसात फाफडा-जिलेबी आली की आम्ही तुटून पडतो, हे मात्र एक वेढा उजेडात धरून म्हणतात, "जो ने, बघ, काय साफ हात आहे! एवढं वळण, पण पॉइंट दोनसुद्धा लागणार नाहीत."

सुधीरभाई म्हणजे सुधीर माने. पिढ्यानपिढ्या बडोद्यात राहिल्यावर नावाला 'भाई' चिकटणारच. सुभानपुऱ्यात आम्ही दोघं एका छापखान्यासाठी लग्नपत्रिकांची चित्रं कॉम्प्युटरवर काढतो. तिथली वळणदार रेष पॉइंटवर तोललेली असते. पॉइंट ठोकायचा, त्याला दोन दांड्या फुटतात, दांडी ओढाल तशी रेष वळते. पॉइंट जितके कमी, तितकी रेष गुळगुळीत. हे शास्त्र सगळ्यांनाच माहीत आहे, सुधीरभाईंचा तो धर्म आहे.

एकदा मी मोर काढला. हे मागे येऊन उभे. "काढ तो पॉइंट. तो पण काढ. अरे, रेषेवर भरोसा ठेव ने!" मोराची निम्मी मान गेली, माझा जीव गेला. पण गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "मोर सरस थयो!" सुधीरभाई आठवडाभर हवेत.

गेल्या हिवाळ्यात वहिनींना, म्हणजे सुधीरभाईंच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवरचा गणपती वहिनींच्या हातचा, आणि आता लेकीचंच, रेवाचंच लग्न ठरलेलं. "नेटवरून घेऊ, आई," रेवा म्हणाली. वहिनी ऐकेनात. महिनाभर कागद वाया घालवून त्यांनी जेमतेम हलणाऱ्या त्याच हाताने एक गणपती काढला. थरथरता, पण अख्खा.

तो कागद सुधीरभाईंनी स्कॅन केला आणि मला वाटलं, संपलं. हा माणूस आता सगळं गुळगुळीत करणार, आणि वहिनींना कळणार की आपला हात कामाचा राहिला नाही.

दुपार सरली तरी ते जागचे हलले नाहीत. शेवटी मी डोकावलो. सोंडेवर पॉइंटच पॉइंट, गुळावर मुंग्या बसाव्यात तसे!

"भाई, सोंड हलतेय. दोन-चार काढू का?"

"हात लावू नकोस." त्यांनी चष्मा काढला. "तिला चमचा धरता येत नव्हता रे. इथे बघ, इथे हात अडकला. आणि इथून परत निघाला. यातलं काय काढू?"

ते चष्मा पुसत राहिले. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी तडक चहा सांगायला गेलो.

पत्रिका छापून आल्या तेव्हा मीही त्यांच्या घरी होतो. वहिनींनी एक हातात घेतली. सुधीरभाई परीक्षेला बसल्यासारखे समोर. वहिनींनी सोंडेवरून सावकाश बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबल्या, पुढे गेल्या.

"माझाच आहे हो," त्या म्हणाल्या.