रामटेके काकांचा भाड्याचा हिशेब

आमच्या लोहाऱ्यात रामटेके काकांना चहा द्यायचा तर आधी मन घट्ट करावं लागतं. माणूस चहा पितो, कप खाली ठेवतो आणि विचारतो, "कितीला पडला?" मी या घरात नवी नवरी होते तेव्हा हा प्रश्न ऐकून मला वाटलं, पैसे देतात की काय. सासूबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. काकांनी दूध, साखर, गॅस असा हिशेब मोठ्यानं मांडला आणि शेवटी म्हणाले, "कपाचा घसारा धरलाच नाही तुमी." घसारा म्हणजे वापरून वापरून वस्तूची जी किंमत उतरते ती. काकांच्या लेखी तो सगळ्यांना लागू. चपलेला, सायकलीला आणि त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांनाही. तब्येत विचारली की म्हणतात, "घसारा चालू हाय."

काका कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात जन्मभर हिशेबनीस होते. नोकरीतून निवृत्त झाले, डोकं काही निवृत्त झालं नाही. एका लग्नाला ते आमंत्रण नसलेली चार माणसं सोबत घेऊन गेले. मुलीच्या बापाच्या कपाळावर आठ्या पडल्या, तर काका त्यालाच समजावू लागले की मांडवाचं भाडं ठरलेलं आहे, माणसं वाढली की ते माणशी कमी पडतं, म्हणजे तुमचा फायदाच करून राह्यलो. जेवणाचा खर्च मात्र ताटागणिक वाढतो, हे त्यांनी जेवण झाल्यावर सांगितलं.

यवतमाळला जायचं तर काका ऑटोत बसून वाट पाहत नाहीत. ऑटोची फेरी होणारच आहे, मग सीट रिकामी कशाला, म्हणून खाली उतरून स्वतःच सवाऱ्या गोळा करतात. ऑटोवाले त्यांना हल्ली मुकाट्यानं पुढची जागा देतात.

आता माझं सांगते. मी एक गाळा भाड्यानं घेऊन काही बायकांच्या मदतीनं पापड, कुरडया आणि खारोड्या करून विकते. खारोड्या म्हणजे ज्वारीच्या भरड्यात तीळ-लसूण घालून उन्हात वाळवलेल्या वड्या. त्या करतात सीताबाई. राळेगावकडच्या, एकट्या, वयानं थकलेल्या. पापड लाटणं त्यांच्या मनगटाला झेपत नाही, पण खारोड्या त्यांनी कराव्यात आणि आपण नुसत्या खात सुटावं.

या उन्हाळ्यात मी हिशेबाला बसले. गाळ्याचं भाडं तिन्ही जिनसांवर सारखं वाटलं, आणि खारोड्या तोट्यात निघाल्या. दोनदा ताळा केला, तोटा जागच्या जागी. मग मी जड मनानं सीताबाईंना सांगितलं की ही खेप झाली की खारोड्या बंद. त्या वाळवण उलटवत राहिल्या. त्यांना दुसरं काम कोण देणार, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

ही बातमी काकांच्या कानावर गेली आणि ते भर उन्हात गाळ्यावर हजर. चहा नको म्हणाले. मी घाबरलेच.

"सुनबाई, खारोड्या बंद केल्या तं गाळ्याचा मालक भाडं कमी करते का?"

"नाही."

"मंग?"

माझ्या काही ध्यानात येईना. तेव्हा त्यांनी शांतपणे उलगडून सांगितलं. भाडं द्यायचंच आहे, खारोड्या असोत की नसोत. म्हणून ते क्षणभर बाजूला ठेवायचं आणि एवढंच बघायचं, की खारोड्या बंद केल्यावर काय वाचेल आणि काय बुडेल. वाचेल ज्वारी, तीळ आणि सीताबाईंची मजुरी. बुडेल सगळी विक्री. विक्री या खर्चाहून बरीच जास्त होती. म्हणजे खारोड्या भाड्यातला आपला वाटा पूर्ण उचलत नव्हत्या, पण बराच उचलत होत्या. त्या गेल्या असत्या तर तेवढा भार पापड-कुरडयांवर पडला असता, आणि पुढच्या वर्षी मी पापडही तोट्यात म्हणून बंद केले असते.

मी तडक सीताबाईंकडे गेले आणि काम चालू राहणार म्हणून सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. परत येऊन पाहते तर काका रिकाम्या पिंपावर बसून जमिनीकडे बघत होते.

"माह्या हातून हेच झालं होतं," ते म्हणाले.

काकू पूर्वी डबे करायच्या, कारखान्यातल्या पोरांसाठी. घर तेव्हा भाड्याचं. काकांनी अर्धं घरभाडं डब्यांच्या खर्चात धरलं, धंदा तोट्यात दाखवला आणि बंद करायला लावला. चूक लक्षात आली तोवर सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. काकूंना ते सांगायची मात्र हिंमत झाली नाही. "तवापासून घर लई चूप झालं," एवढंच म्हणाले. लोकांच्या हिशेबात हा माणूस नाक का खुपसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, आमच्या गाळ्यावरच्या बायका रोज थंड भाकरी खातात, काकूंनी डबे दिले तर हवेच आहेत. पण तुम्ही स्वतः बोला. ते एकटे जायला धजेनात, म्हणून मी सोबत गेले.

काकू भाजी निवडत होत्या. काका दारातच उभे राहिले. "तुह्या डब्याचा हिशेब माहा चुकला होता," म्हणाले. "धंदा तोट्यात नोता."

"मले तवाच माहीत होतं," काकू म्हणाल्या. "डबे बंद केल्यावर भाडं थोडीच कमी झालं."

"मंग बोलली काहून नाही?"

"सारी वस्ती तुमाले हिशेब इचाराले येत होती. मी कशी म्हणू तुमचा चुकला म्हणून?"

काका खाली बसले. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण काकूंनीच हाक मारून थांबवलं आणि गाळ्यावर बायका किती, तिखट किती चालतं, सगळं विचारून घेतलं. मग नवऱ्याकडे वळल्या. "बसता काय? पिशवी घ्या, बेसन आणा. उद्या डबे हायेत."