मोघेकाकांचा पहारा

आमच्या शेजारचे मोघेकाका कॉम्प्युटरशी बोलतात, तेही दरडावून. "कौन है भिया? आधी नाव सांग!" असा आवाज भिंतीपलीकडून आला, की देवासच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना कळतं, काकांच्या मशीनवर कुठलं तरी अपडेट आलंय.

कारखान्यातून रिटायर झाले, पण पायाला चैन नाही. अर्धा चहा टाकून उठतात आणि फायरवॉलची, म्हणजे इंटरनेटवर कोणाला ये-जा करू द्यायची त्याची, यादी बघून येतात. एकूण एक प्रोग्रामचा, आपलं आपण अपडेट आणणारा अपडेटर त्यांनी तिथं अडवलेला. "अरे, हा गडी घरात शिरतो तो मालकाचे अधिकार घेऊन," ते मला समजावतात. "पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरवर कोणी चोर बसला असेल तर? आपण दार उघडून 'या' म्हणायचं?" मग स्वतः कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवणार, तिची डिजिटल सही तपासणार आणि मगच ती चढवणार. माझ्या लॅपटॉपवरही त्यांनी असा बंदोबस्त केला, तेव्हा माझा प्रिंटर महिनाभर रुसून बसला होता.

दर रविवारी सकाळच्या बसनं ते धारला थोरल्या बहिणीकडे जातात. कशाला विचारलं तर एकच उत्तर, "आक्काच्या मशीनवर अपडेट टाकायचंय."

मागच्या रविवारी मीही बरोबर गेलो. काका आतल्या खोलीत शिरले आणि ओट्याशी काठी टेकवून उभ्या असलेल्या आक्का हळूच म्हणाल्या, "तुला सांगितलं नसेल त्यानं. दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पडले. पाय मोडला. मोबाइल माडीवर. सरकत सरकत कॉम्प्युटरपाशी आले, विनूला, म्हणजे तुझ्या ह्या काकालाच, व्हिडिओ कॉल लावला. तर म्हणे प्रोग्राम जुना झालाय, आधी अपडेट करा. आणि अपडेट तर ह्यानंच अडवलेलं! दुपारी कामवाली आली तोवर मी तशीच पडून."

"मग?"

"मग काय! दवाखान्यात मला बघून आला तो थेट त्या मशीनपाशी. सगळे अडसर काढून टाकले. आता जे यायचं ते आपलं आपण येतं. ह्याला इथं काही कामच नाही रे."

तेवढ्यात आतून काकांची हाक आली, "आक्का, आज मोठं अपडेट आहे! संध्याकाळच होईल."

"होऊ दे, होऊ दे," म्हणत आक्कांनी तिघांचा भात टाकला.

मी आत डोकावलो. स्क्रीन काळीच होती. काका खाली बसून आक्कांच्या चपलेच्या तळाला घसरू नये म्हणून रबराची पट्टी चिकटवत होते.