नेवरेकरांचे समाधानी ग्राहक

कमोड चेअरच्या पाठीवर 'पुन्हा अवश्य या' असं छापून घ्यावं, हा प्रस्ताव नेवरेकरांनी आमच्या बैठकीत मांडला तेव्हा ते पूर्ण शुद्धीत होते. गळ्यात टाय होता. डोंबिवलीत ऐन मे महिन्यात टाय लावून दारात उभा राहणारा माणूस एरवी विमा विकायला आलेला असतो.

आमचं रुग्णसाहित्य केंद्र म्हणजे कोपर स्टेशनजवळच्या एका सोसायटीतली तळमजल्यावरची खोली. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या असं सामान आम्ही लोकांना वापरायला देतो आणि गरज संपली की परत घेतो. मी सचिव. किल्ल्या विमलताईंकडे. त्या इथल्या जुन्या आगरी घरातल्या. परत आलेली प्रत्येक वस्तू स्वतः घासून धुणार आणि मगच आत घेणार. हे सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं. आणि तिथे नेवरेकर आले.

रंगाच्या कंपनीतून सेल्स मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आपली स्ट्रॅटेजी काय?"

"कोणी मागायला आलं की द्यायचं."

"ही स्ट्रॅटेजी नाही, मॅडम. ही सवय झाली."

जनसंपर्क प्रमुख हे पद आमच्याकडे नव्हतं. त्यांनी व्हिजिटिंग कार्डंच छापून आणली, त्यामुळे ते निर्माण झालं.

पाठोपाठ एक पांढरा बोर्ड आला. त्यावर चार चौकोन: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. 'संधी'खाली त्यांनी लिहिलं, 'रस्त्यातले खड्डे, गुळगुळीत बाथरूम टाइल्स'. 'धोके'खाली, 'रुग्ण लवकर बरा होणे'. आणि 'उणिवा'खाली, 'विमलताईंचा चेहरा'.

विमलताईंनी चष्मा लावून वाचलं. "माझ्या तोंडाला काय झालाय?"

"ताई, कस्टमर आला की स्माइल द्यायचं."

"त्याचा पाय मोडलाय न मी हसू?"

नेवरेकरांनी शांतपणे पुढे 'प्रशिक्षण आवश्यक' असं लिहिलं.

संस्थेला लोगो नव्हता, म्हणून लोगो केला. एक चाक आणि त्यावर फुली मारल्यासारख्या दोन कुबड्या. पाटी लागली त्याच आठवड्यात दोन जण सायकलचं पंक्चर काढून घ्यायला आले. आम्ही कपाळाला हात लावला, नेवरेकर खूश. "फुटफॉल वाढतोय, मॅडम! दिसलं पाहिजे. आधी दिसलं पाहिजे." हे दिसण्याचं वेड इतकं, की एका बाराव्याच्या जेवणाला त्यांनी प्रत्येक पानाशेजारी, लिंबाच्या फोडीला टेकून आमचं कार्ड ठेवलं होतं. त्या घरच्यांनी आमची व्हीलचेअर दुसऱ्याच दिवशी परत पाठवली.

पण कहर झाला तो फ्लेक्सचा.

आमच्याकडून व्हीलचेअर नेलेले एक साठ्ये आजोबा होते. नेवरेकरांनी त्यांचा खुर्चीत बसून अंगठा दाखवतानाचा फोटो काढला आणि स्टेशनबाहेर भलामोठा फ्लेक्स लावला: 'मी समाधानी! तुम्ही कधी?' फ्लेक्स लागला सोमवारी. आजोबा गेले बुधवारी.

फ्लेक्स उतरवायचं कोणालाच सुचलं नाही. दिवसवार झाल्यावर त्यांचा माजिवड्याला राहणारा मुलगा आमच्या खोलीत आला, मुंडण केलेल्या डोक्यानेच. "माझा बाप गेलाय आणि तुम्ही त्याला स्टेशनबाहेर अंगठा दाखवत बसवलंय? लाज वाटते का?"

नेवरेकर खुर्चीतून उठले. "सॉरी," एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः फ्लेक्स उतरवला आणि गुंडाळी काखेत मारून घरी नेला.

त्यांना पदमुक्त करण्याचा ठराव मी लिहिला. खोटं कशाला बोलू, चवीने लिहिला. बैठक शुक्रवारी होती. त्याआधी माफी मागायला म्हणून मी आजोबांच्या पत्नीकडे, साठ्येकाकूंकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

काकूंनी मला बसवलं. मी फ्लेक्सचा विषय काढला, तर त्या चक्क हसल्या. "अगं, तो ह्यांचाच हट्ट! दोन वर्षं खाली उतरले नव्हते. नेवरेकरांना म्हणाले, मी नाही तर माझा फोटो तरी स्टेशनपर्यंत जाऊन येऊ दे. लोकांना कळेल, साठ्ये अजून आहे. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याने काय काय ऐकवलं, ते मला मागाहून कळलं. मी त्याला सांगितलंय आता."

"पण नेवरेकर आम्हाला काहीच बोलले नाहीत."

"ते नाही बोलायचे. दर गुरुवारी येत असत इथे. कस्टमर फीडबॅक घ्यायचाय, म्हणायचे. चाक कुरकुरतंय का, एवढं विचारून झालं की दोघं दोन-दोन तास पत्ते खेळत. ह्यांची नखंसुद्धा तेच कापायचे, माझे हात कापतात म्हणून."

काकूंनी चहा पुढे केला.

"गेल्या गुरुवारीही आलेले. मी म्हटलं, आता कोणाचा फीडबॅक घेणार? जरा वेळ दारातच उभे राहिले, टाय सारखा करत. मग म्हणाले, फॉर्ममध्ये नातेवाइकांसाठी पण एक रकाना आहे."

आमच्या संस्थेने असा कुठलाही फॉर्म कधी छापलेला नव्हता.

शुक्रवारी बैठकीत ठरावाचा कागद मी पर्समधून बाहेरच काढला नाही. नेवरेकर कोपऱ्यात बसलेले, कधी नव्हे ते मागच्या खुर्चीवर. बोर्ड पुसलेला होता.

"नेवरेकर," मी म्हटलं, "तो तुमचा फीडबॅक फॉर्म जरा बघू."

त्यांनी बॅग उघडली. एक कप्पा चाचपला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. विमलताई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"घरी राहिला, मॅडम," ते म्हणाले. मान खालीच.

"बरं," मी म्हटलं. "गुरुवारी न्यायला विसरू नका."