टेलरकाका टाइप करत आहेत…

"सूनबाई, माणसाच्या मनाची शिवण कुठून उसवायची, हे टेलरला विचारावं!" टेलरकाका छाती फुगवून म्हणाले. छातीचं माप बेचाळीस, फुगवल्यावरही बेचाळीसच.

सूनबाई रडकुंडीला आली होती. मोबाइलवरच्या ग्रुपमुळे माणसं कशी वागू लागतात, यावर तिचा अभ्यास चालला होता. इमारतीच्या ग्रुपवर तिनं विचारलं होतं, "या ग्रुपवर आल्यापासून तुम्ही काय वेगळं वागू लागलात? खरं सांगा." सगळ्यांनी वाचलं आणि उत्तरादाखल फुलांची चित्रं पाठवली! आज काही हाती लागलं नाही, तर तिच्या मार्गदर्शक मॅडम संशोधनाचा विषयच रद्द करणार होत्या.

"मी लिहितो ना! 'प्रश्नाला उत्तर द्या.' संपलं!"

काका अक्षरं शिकले ते साठी उलटल्यावर. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारा हा माणूस 'प्रश्न'पाशी अडला. 'प्र' कसाबसा साधला, पण 'श्न' काही केल्या जुळेना! कधी 'शन', कधी 'नश'. लिही, खोड. लिही, खोड.

इकडे सगळ्यांच्या फोनवर झळकत राहिलं : 'टेलरकाका टाइप करत आहेत…'

बराच वेळ झाला तरी तेच! सगळी इमारत फोनला डोळे लावून बसली. काका एवढं काय लिहितायत? सगळ्यांच्या कंबरांची खरी मापं एकट्या काकांना ठाऊक!

पहिला फुटला तिसऱ्या मजल्यावरचा जिमवाला. "काका, थांबा! मीच सांगतो. ग्रुपवर टाकलेला माझा पिळदार फोटो जुना आहे. पँट तुम्ही दोनदा सैल केलीत."

मग बँकवाल्या वहिनी : "पहाटेचं सुप्रभात फोन आपोआप पाठवतो. मी आठला उठते."

पाठोपाठ सेक्रेटरी : "मी कुणाचंच वाचत नाही. नुसता अंगठा दाखवतो."

"म्हणजे माझा पाय मोडला तेव्हाही?" जिमवाला भडकला.

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अहो, तुमच्या सदऱ्यांच्या फोटोंना मी बदाम टाकते ना, ते चष्मा न लावताच हं!"

सूनबाई आनंदानं नाचायची बाकी होती. "बाबा, हात थांबवू नका!"

"अगं, पण 'श्न'…"

"नकोच जुळायला!"

मॅडम फोनवर खूश झाल्या. "विलक्षण! उद्या माझ्यासमोर पुन्हा करून दाखव. असंच घडलं तर विषय मंजूर."

काकांना मात्र लाज बोचत होती. घरच्यांदेखत एका जोडाक्षरानं हरवावं? दुसऱ्या दिवशी मशीनला हात न लावता ते सकाळपासून गिरवत बसले.

संध्याकाळी मॅडम खुर्चीत. सूनबाईनं ग्रुपवर नवा प्रश्न टाकला. "बाबा, करा सुरू."

काकांनी बोटं मोडली आणि एका दमात 'प्रश्नाला उत्तर द्या' लिहून पाठवलंसुद्धा! 'श्न' कसा, काजात बटण बसावं तसा!

"बघा मॅडम! एक टाका चुकला नाही!"

मॅडमनी सूनबाईकडे बघितलं. सूनबाईनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात फोनवर टपाटप उमलली… फुलं. आणि शेवटी सेक्रेटरींचा अंगठा.