साहेबांचे पालक हजर

निकालाचा कागद घेऊन हेडक्लार्क आत आला तेव्हा शिक्षणाधिकारी साहेब खुर्चीत नव्हते. तसे ते खुर्चीत फारसे नसतच. जिल्ह्यातली मुलं कॉलेजात गेली की गटांगळ्या खातात, या काळजीने त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. खिडकीपासून दारापर्यंतची फरशी त्यांनी एकट्याने झिजवत आणली होती.

"किती पडले?"

"कुणाचे, साहेब?"

"माझे!"

हेडक्लार्कने घसा खाकरला. "शंभरापैकी... एकतीस."

झालं होतं असं. साहेबांनी बारावीच्या मुलांसाठी कॉलेजपूर्व चाचणी काढली होती. चाळीसच्या खाली गुण पडले की सकाळी सातचा जादा तास, आणि पहिल्या दिवशी आई नाहीतर वडील सोबत हवेत. त्याशिवाय वर्गात घ्यायचं नाही. पेपर फार अवघड आहे, अशी मुख्याध्यापकांनी सभेत कुरकुर केली आणि साहेबांचं डोकं फिरलं. "अवघड? मी स्वतः बसतो! मुलांच्या बाकावर, मुलांच्याच नियमाने!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की साहेबांना माघार घेता येत नसे, हा त्यांचा जुना आजार. पेपर हातात आल्यावर कळलं की बीजगणित नावाचा गृहस्थ आपल्याला केव्हाच सोडून गेलाय आणि जाताना भूमितीलाही घेऊन गेलाय.

"हे कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही, साहेब. फक्त सगळ्या शाळांना. निकाल एकाच वेळी सगळीकडे पाठवायचा, असा तुमचाच आदेश आहे."

साहेबांनी एक फेरी मारली. "नियमात एक ओळ घालू. अधिकारी वगळून."

"घालू की. पण मुख्याध्यापक टपूनच बसलेत. तुम्ही सुटलात की उद्यापासून एक पोरगं सातला फिरकायचं नाही."

साहेब फेरी अर्धवट टाकून थांबले. दीड वर्ष रक्त आटवून उभी केलेली योजना, आणि ती आता आपल्याच एकतीस गुणांवर लटकतेय! शिवाय घरात बारावीतली मुलगी होती. तिला चांगले बासष्ट पडले होते, आणि संध्याकाळी साहेब घरी पोचले तेव्हा ती दारातच उभी होती.

"बाबा, माझ्या मैत्रिणीचे वडील कारखान्यातली पाळी बुडवून येणारेत. तुम्ही कुणाला नेताय?"

"तुझी आई चालेल का?"

"ती माझी आई. तुमची वेगळी."

वडील हयात नव्हते. राहता राहिली आई. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, आणि तिची जीभ अजून विशीत होती. मुलगा कुठल्याशा मोठ्या ऑफिसात आहे, एवढंच तिला ठाऊक. कुणीतरी दुष्ट माणूस आपल्या लेकाला उठसूट मीटिंगला बोलावतो, अशी तिची पक्की समजूत होती. जेवणाच्या ताटावरून उठताना ही समजूत फार उपयोगी पडे, म्हणून साहेबांनी ती कधी दूर केली नव्हती.

"नापास झालास? या वयात?"

"नापास नाही गं आई. चाळीसच्या खाली."

"आमच्या वेळी त्याला नापासच म्हणायचे." पण तिचा चेहरा मात्र खुलला होता. "तू सदा पहिला यायचास. मला कधी शाळेत बोलावलंच नाही कुणी. इतर बायका जायच्या, मला फार वाटायचं बघ." आणि ती ठेवणीतली शाल शोधायला लागली.

सकाळी सातला साहेब शाळेत इतर पालकांच्या रांगेत आईमागे उभे होते आणि एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होते. त्यांना पाहून गणिताच्या बाईंच्या हातातला खडू मोडला. आईने खुर्ची ओढली. साहेब कसेबसे बाकात मावले.

"बोला बाई. कुठे कमी पडतो हा?"

"तसे हुशार आहेत..."

"ते राहू दे. खरं सांगा. घाबरू नका, मी आहे ना."

बाईंना धीर आला. "पाया कच्चा आहे. आणि सराव अजिबात नाही."

"सराव कसा होणार? घरी बूड टेकतं कुठे त्याचं! सदानकदा मीटिंगा!"

मीटिंग म्हणताच बाईंचा बांध फुटला. समोर कोण बसलंय हेही त्या विसरल्या. "आजी, मीटिंगांचं तर नावच काढू नका! वर्गात पाय ठेवला की बोलावणं आलंच. परवा मी गणित फळ्यावर अर्धं टाकून पळाले. मुलांची प्रगती का होत नाही, त्याची मीटिंग होती. सकाळी गेले ती संध्याकाळी सुटले! आता सोमवारीही हा तास होणार नाही."

"का बरं?"

"मीटिंग आहे. जादा तास वेळच्या वेळी होतात का, त्याची."

पालकांत खसखस पिकली आणि लगेच विझली. साहेब बाकावर कुणीतरी कोरलेला बाण बोटाने गिरवू लागले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पळून जावं असं मनापासून वाटत होतं, पण गुडघे बाकात अडकले होते.

"म्हणजे तुम्हालाही तोच छळतो?" आई कडाडली. "माझ्या लेकाला जेवू देत नाही, तो?"

बाई भानावर आल्या. "ते... वरून आदेश येतो, आजी."

"वर कोण बसलंय?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. पालकांनी छताकडे पाहिलं. मागे कुणीतरी उगाच खोकलं.

"नाव नका सांगू हवं तर," आई शाल सावरत म्हणाली. "पण नियम सगळ्यांना सारखाच ना? पोरांचं एवढं नुकसान करतो, तर बोलवा त्याच्याही आईला! कुठे आहे ती बया? असं कसं वळण लावलं म्हणावं पोराला!"

साहेबांनी गुडघे सोडवले. धडा न येणारा मुलगा उभा राहतो तसे मान खाली घालून ते उभे राहिले.

"आई," ते म्हणाले, "ती आलीय."