एअर कंडिशनरचं झबलं

१९८८ सालच्या मे महिन्यात, भिलाईच्या टाउनशिपमध्ये शेषरावांच्या बैठकीतल्या एअर कंडिशनरवर बर्फ जमला. बाब गंभीर होती. साहेबी ग्रेडबरोबर कंपनीकडून मिळालेलं ते यंत्र जेमतेम वीस दिवसांचं होतं. येत्या रविवारी नागपूरहून त्यांच्या जयाला पाहायला मंडळी येणार होती, आणि बैठकीत वाऱ्याची झुळूक नव्हती.

यंत्र आल्या आल्या जयाने त्याला क्रोशाचं झबलं विणलं होतं. तिच्या आईने, शीलाबाईंनी, त्याला गुलाबी सॅटिनचं जाड अस्तर लावलं. रेडिओला झबलं, टीव्हीला झबलं, मग घरातल्या सगळ्यात मोठ्या साहेबाला उघडं कसं ठेवणार?

तक्रार गेली. मेंटेनन्सचा ओमप्रकाश आला. त्याने झबलं अदबीनं काढलं, घडी करून दिवाणावर ठेवलं, बर्फ वितळू दिला आणि यंत्र तासभर चालवलं. बैठक गारेगार झाली.

"साहब, मशीन एकदम फर्स्ट क्लास है," असं म्हणत त्याने झबलं पुन्हा चढवलं, नाड्या बांधल्या आणि शेषरावांची सही घेतली.

संध्याकाळपर्यंत बर्फ परत हजर.

तिसऱ्या तक्रारीला त्रिसदस्यीय समिती आली. समितीने झबलं काढलं, यंत्र तपासलं, चहा-चिवडा घेतला, झबलं चढवलं. अहवालात लिहिलं होतं: 'निरीक्षणकाळात यंत्र निर्दोष आढळले. बर्फ केवळ समितीच्या अनुपस्थितीत जमतो. सबब तक्रारदाराच्या वर्तनाची चौकशी व्हावी.'

"मी का बाहेरून बर्फ आणून चिपकवून राहिलो?" शेषराव कळवळले.

"बाबा, त्या अस्तरानं हवा कोंडून राहिली. झबलंच काढून टाकू ना," जया म्हणाली.

"कावून?" शीलाबाई कडाडल्या. "पाहुण्यायले मंग काय दाखवशील? हवा?"

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या आई कलावतीबाईंनी दहा मिनिटं पदरानं वारा घेतला, मग उठून सरळ झबलंच उतरवलं. पोहे संपेपर्यंत बर्फ पाघळला आणि गार वारा सुटला.

कलावतीबाई झबलं उलटसुलट करून पाहत होत्या.

"पोरीचा हात लय साफ आहे. आमाले पसंत आहे."

शेषरावांनी लगबगीनं पेढ्यांचा डबा पुढे केला.

"फक्त एक करजा," त्या पुढे म्हणाल्या, "आमच्या फ्रीजले असंच एक द्या. चारही बाजूनं झाकणारं."

तुम्ही हसलात, हरकत नाही. पण ज्या सोफ्यावर बसून हसलात, त्याच्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक तुमच्या मांड्यांना चिकटतंय ना? ते कुठल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय?